नऊ एकांचा वर्ग

एक कागद आणि पेन जवळ घ्या. कागदावर १ हा आकडा ओळीने नऊ वेळा लिहा : १११११११११. वाचायला ही संख्या सोपी आहे. अकरा कोटी अकरा लाख अकरा हजार एकशे अकरा. आता या संख्येला तिनेच गुणा, म्हणजे तिचा वर्ग करा. उत्तर येते १२३४५६७८९८७६५४३२१. एकपासून नऊपर्यंत चढत गेलेली आणि नऊपासून पुन्हा एकपर्यंत उतरलेली, सतरा आकडी संख्या.

आकाशवाणीवर गणिताबद्दल बोलायचे म्हणजे पंचाईत असते. ऐकणाऱ्याला आकडा दाखवता येत नाही आणि मोठा आकडा नुसता ऐकून कुणाच्या लक्षात राहत नाही. पण या एका संख्येपुरती ती अडचण आली नाही. एक ते नऊ म्हणा, मग उलट आठ ते एक म्हणा, झाली संख्या सांगून. अंगणवाडीतले मूलही ती पाठ म्हणेल. आज हे भाषण छापून येत असल्यामुळे ती तुमच्या डोळ्यांसमोरही आहे.

मी कविता लिहिणारा माणूस. शिक्षण बी.ए., तेही मराठी साहित्य घेऊन. कवीने गणितावर का बोलावे, असे कुणालाही वाटेल. त्याचे उत्तर पुढे येईलच. या संख्येशी माझी ओळख झाली ती ठाकूरद्वारला. गिरगावात त्या काळी गल्लोगल्ली छापखाने होते. १९९० च्या सुमाराला अशाच एका लहान छापखान्यात मी मुद्रिते तपासायला जात असे. ऑफसेट आले होते, पण आमच्याकडे अजून खिळे जुळवण्याचे काम चाले. तिथले एक वयस्कर जुळारी, ज्यांना आम्ही सगळे काका म्हणत असू, शाळेच्या एका गणित-विशेषांकाची जुळणी करत होते. त्यांनी मला हाक मारली आणि म्हणाले, "कवी, ही ओळ बघ. खिळ्यांत बघितली काय आणि कागदावर बघितली काय, क्रम तोच."

खिळे जुळवताना सगळे आरशातल्यासारखे उलटे दिसते, हे ज्यांनी छापखाना पाहिला आहे त्यांना ठाऊक असेल. जुळाऱ्याचा हात आयुष्यभर उलट वाचण्यात तयार झालेला. त्याला उलटसुलट सारखीच वाचता येणारी ओळ भेटली की आनंद होणारच. 'रामाला भाला मारा' हे वाक्य आपण लहानपणी उलटे वाचून पाहिलेले असते. ही संख्या म्हणजे आकड्यांतले 'रामाला भाला मारा' आहे. आमच्या घरात उर्दूही वाचली जाई. उर्दू उजवीकडून डावीकडे लिहितात, पण त्याच ओळीत संख्या आली की ती मात्र डावीकडून उजवीकडे लिहितात. ही संख्या कुठूनही सुरू करा, तिला फरक पडत नाही.

पण काकांच्या त्या ओळीत नुसती गंमत नव्हती, तिला कारण होते. ते समजायला चौथीचे गणित पुरते.

नऊ एक राहू द्या, तीनच एक घेऊ. १११ गुणिले १११. शाळेत शिकवतात तशी मांडणी करा. पहिल्या ओळीत १११. दुसऱ्या ओळीत तेच १११, पण एक घर डावीकडे सरकवून. तिसऱ्या ओळीत पुन्हा १११, दोन घरे डावीकडे सरकवून. आता उभी बेरीज करा. उजवीकडच्या पहिल्या घरात एकच १ आहे. दुसऱ्या घरात दोन, मधल्या घरात तीन, मग पुन्हा दोन, शेवटी एक. उत्तर १२३२१. म्हणजे इथे गुणाकार असा काही करावाच लागत नाही. पायऱ्यापायऱ्यांनी रचलेल्या एकांची फक्त मोजदाद करायची. चार एक घेतले तर मधल्या घरात चार येतील आणि उत्तर होईल १२३४३२१. नऊ एक घेतले तर मधोमध नऊ.

मग दहा एक घेतले तर? इथेच खरी मेख आहे. मधल्या घरात दहा एक जमतात. एका घरात दहा मावत नाहीत. शून्य मांडायचे आणि हातचा एक डावीकडे द्यायचा. डावीकडच्या घरात नऊ होते, हातचा मिळून तेही दहा झाले. पुन्हा शून्य, पुन्हा हातचा एक. त्याच्या डावीकडे आठ होते, त्यांचे नऊ झाले आणि हातचा तिथे थांबला. उत्तर येते १२३४५६७९००९८७६५४३२१. उजवा उतार शाबूत राहिला, डाव्या चढावरचे आठ मात्र नाहीसे झाले आणि मधोमध दोन शून्ये येऊन बसली. डावे उजव्याशी जुळेनासे झाले.

म्हणून नऊ एकांचा वर्ग हे या रांगेचे शिखर आहे. जिथवर हातचा लागत नाही, तिथवर संख्या दोन्ही बाजूंनी सारखी राहते. नऊ एक ही त्याची शेवटची हद्द. ही हद्द आपल्या दशमान पद्धतीमुळे ठरते, म्हणजे एका घरात नऊपर्यंतच आकडा मावतो या नियमामुळे.

ही संख्या किती मोठी आहे? रोजच्या भाषेत ती वाचायची तर एकशे तेवीस कोटी पंचेचाळीस लाख सदुसष्ट हजार आठशे अठ्ठ्याण्णव कोटी, शहात्तर लाख चोपन्न हजार तीनशे एकवीस. यात 'कोटी' दोनदा येते, कारण कोटींचीच मोजदाद कोटींत करावी लागते. सेकंदाला एक या वेगाने १११११११११ पर्यंत मोजायला साधारण साडेतीन वर्षे लागतील. त्याच वेगाने तिच्या वर्गापर्यंत मोजायला सुमारे ३९ कोटी वर्षे लागतील. डायनोसॉर पृथ्वीवर अवतरले त्याच्याही कितीतरी आधी मोजायला बसलो असतो, तर आत्ता कुठे उठलो असतो.

दुसऱ्या तऱ्हेने पाहू. आलेखाच्या कागदावर मिलिमीटरचे बारीक चौकोन असतात. तसा एक चौरस कागद घ्या, ज्याच्या एका कडेला १११११११११ चौकोन आहेत. त्याची एक कड १११ किलोमीटरची होईल, म्हणजे हवाई अंतराने ठाकूरद्वारच्या नाक्यापासून निघालेली कड पुण्याच्या जवळपास पोहोचेल. त्या अवाढव्य कागदावरच्या सगळ्या बारीक चौकोनांची संख्या म्हणजे आपली संख्या.

आपल्या पूर्वसुरींनी एवढ्या मोठ्या संख्यांसाठी नावे ठेवली होती. भास्कराचार्यांनी ११५० मध्ये पूर्ण केलेल्या 'सिद्धान्तशिरोमणी'चा एक भाग म्हणजे 'लीलावती'. तिच्यात एकं, दहं, शतं पासून सुरू होऊन स्थानांची अठरा नावे येतात. कोटीच्या पुढे अर्बुद, अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य, मध्य आणि परार्ध. आपली संख्या सतरा आकडी. तिच्या अगदी डावीकडचा एक ज्या घरात आहे त्या सतराव्या घराचे नाव 'मध्य'. परार्धाच्या एकच पायरी अलीकडे ती थांबते.

'लीलावती'चे नाव आले, तेव्हा कवीचा गणिताशी संबंध काय, याचेही उत्तर देऊन टाकतो. हा ग्रंथ मुळात पद्यात आहे. जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळ पाटण इथे १२०७ चा एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी काढलेल्या मठाला मिळालेल्या दानांची त्यात नोंद आहे. पुढे १५८७ मध्ये अकबराच्या दरबारातला कवी फैझी याने 'लीलावती'चा फारसीत अनुवाद केला. लीलावतीच्या लग्नघटिकेची आणि घटिकापात्रात पडलेल्या मोत्याची जी कथा आपण ऐकतो, ती फैझीच्या प्रस्तावनेतून आपल्याकडे आली. रुबायांसाठी जगाला ठाऊक असलेला उमर खय्याम तर व्यवसायानेच गणिती आणि खगोलज्ञ होता. घनसमीकरणांवर त्याने ग्रंथ लिहिला आहे. तेव्हा कवीने आकड्यांच्या अंगणात पाऊल टाकले तर ते काही परक्याचे अंगण नव्हे. अरब आपल्या अंकांना 'हिंदी अंक' म्हणतात, युरोपीय लोक त्यांच्या अंकांना 'अरबी अंक' म्हणतात. ज्याने ज्याच्याकडून घेतले, त्याचे नाव तो घेतो. अंकांच्या बाबतीत एवढी सचोटी जगाने पाळलेली आहे.

आता ज्यांच्यामुळे या संख्येला मराठी मुलखातले नाव मिळाले, त्यांच्याकडे वळू. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर. जन्म १९०५, डहाणू. आई लहानपणीच गेली. वडील कारकून होते आणि त्यांना ज्योतिषाचा नाद होता. शाळा ठाण्याला, कॉलेज पुण्याचे फर्ग्युसन. तिथे १९२७ मध्ये रँग्लर परांजपे यांच्या नावाचे गणिताचे पारितोषिक मिळाले. १९२९ मध्ये मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. झाले. त्यापुढची पदवी नाही. १९३० पासून १९६२ मध्ये निवृत्त होईपर्यंत त्यांनी नाशिकजवळ देवळालीला शाळेत मास्तरकी केली.

त्या काळच्या जी.आय.पी. रेल्वेवर, मुंबईपासून तीस मैलांवर असलेल्या स्थानकात त्यांना या जातीच्या संख्यांची कल्पना सुचली. ते स्थानक म्हणजे आजचे डोंबिवली. त्यावरून त्यांनी या संख्यांना 'डेम्लो संख्या' असे नाव दिले. १९३८ मध्ये त्यांनी 'अद्भुत डेम्लो संख्यां'वर लेख लिहिला आणि पुढच्याच वर्षी प्रा. के. आर. गुंजीकर यांच्यासह मुंबई विद्यापीठाच्या नियतकालिकात त्यांची उपपत्ती मांडली. १, १२१, १२३२१ अशी ती रांग आणि नऊ एकांचा वर्ग हे तिचे टोक. जगभरच्या गणिताच्या कोशांत आज 'डेम्लो' हा शब्द आहे. रोज सकाळी ८.०२ ला नाहीतर ८.१० ला लोंबकळत जाणाऱ्या डोंबिवलीकराला आपल्या स्टेशनचे हे नाव कोशात आहे याची बहुधा कल्पना नसते. ठाकूरद्वार, फणसवाडी, मुगभाट इथल्या चाळींतली किती बिऱ्हाडे गेल्या पन्नास वर्षांत डोंबिवलीला गेली असतील! तेव्हा आकडा ठाकूरद्वारी भेटला आणि नाव डोंबिवलीचे निघाले, यात गिरगावकरांना नवल वाटू नये.

डेम्लो संख्येची कापरेकरांनी केलेली व्याख्या नुसत्या चढ-उतारापुरती नाही. संख्येचे तीन भाग पाडायचे : डावा, मधला आणि उजवा. डाव्या-उजव्याची बेरीज केली की एकच अंक पुन्हा पुन्हा यावा आणि तोच अंक मधल्या भागात असावा. १२३२१ घ्या. डावीकडे १२, उजवीकडे २१, बेरीज ३३. मधोमध ३. आता आपली मोठी संख्या घ्या. डावीकडे १२३४५६७८, उजवीकडे ८७६५४३२१. बेरीज ९९९९९९९९. मधोमध कोण बसले आहे? ९.

कापरेकरांनी आणखी एका जातीच्या संख्येला नाव दिले, 'हर्षद संख्या', म्हणजे हर्ष देणारी. जिच्या अंकांच्या बेरजेने तिलाच पूर्ण भाग जातो, ती हर्षद. १८ घ्या : एक आणि आठ नऊ, अठराला नवाने भाग जातो. आपल्या संख्येतल्या सगळ्या अंकांची बेरीज करू. एक ते आठ यांची बेरीज ३६. ते दोनदा आले, म्हणून ७२. मधले नऊ मिळवले की ८१. मग या सतरा आकडी संख्येला ८१ ने भाग जातो का? प्रत्यक्ष भागाकार न करता उत्तर देता येते. १११११११११ या संख्येच्या अंकांची बेरीज नऊ, म्हणून तिला नवाने भाग जातो. मग तिच्या वर्गाला नवाच्या वर्गाने, म्हणजे ८१ ने भाग जाणारच. आपली संख्या हर्षद ठरली.

१११११११११ ला नवाने भागल्यावर काय उरते, तेही पाहण्यासारखे आहे. उत्तर येते १२३४५६७९. सगळे ओळीने आले, फक्त आठ गैरहजर. मघाशी दहा एकांच्या वर्गातही डाव्या बाजूचे आठ नाहीसे झाले होते, आठवते? दोन्हीकडे कारण एकच आहे. एकला ८१ ने भागा. ०.०१२३४५६७९०१२३४५६७९ असे अपूर्णांकात तेच आकडे फिरून फिरून येत राहतात. मुळात ती एक, दोन, तीन, आठ, नऊ, दहा, अकरा अशी सरळ चाललेली रांग आहे. पण दहा एका घरात मावत नाही. त्याचा हातचा नवाला मिळून नवाचे शून्य होते, नवाचा हातचा आठाला मिळून आठाचे नऊ होतात. आठ हरवत नाहीत, हातच्यामुळे त्यांचे नऊ झालेले असतात. मुलांना दाखवायला यात एक छान खेळही आहे. तुमचा आवडता अंक सांगा, समजा सात. सातला नवाने गुणा, ६३. आता १२३४५६७९ ला ६३ ने गुणा. उत्तर ७७७७७७७७७.

आणखी खोलात जाऊ. या संख्येचे मूळ अवयव पाडले तर तीन हा चार वेळा, सदतीस हा दोन वेळा आणि ३३३६६७ ही मूळ संख्या दोन वेळा येते. यावरून तिला एकूण किती संख्यांनी पूर्ण भाग जातो ते काढता येते. तीन आपण शून्य ते चार वेळा घेऊ शकतो, म्हणजे पाच पर्याय. सदतीसचे तीन पर्याय, ३३३६६७ चे तीन. पाच गुणिले तीन गुणिले तीन, पंचेचाळीस. एक ते नऊ यांची बेरीजही पंचेचाळीसच. ही दुसरी गोष्ट मात्र निव्वळ योगायोग आहे. तिच्यातून काही सिद्ध होत नाही आणि ती तशी सांगितली पाहिजे.

पण पंचेचाळीस आले म्हणून कापरेकरांचे तिसरे नाव घेतो. ४५ चा वर्ग २०२५. त्याचे दोन तुकडे करा, २० आणि २५. बेरीज ४५. वर्ग केला, मोडला, पुन्हा जोडला आणि मूळ संख्या परत आली. २९७ चेही तसेच : वर्ग ८८२०९, आणि ८८ अधिक २०९ म्हणजे २९७. अशा संख्यांना आज जगभर 'कापरेकर संख्या' म्हणतात. ९, ९९, ९९९ या सगळ्या त्याच घराण्यातल्या.

आता ही तिन्ही नावे एका जागी आणू. आपली डेम्लो संख्या घ्या आणि तिला तिच्याच अंकांच्या बेरजेने, म्हणजे ८१ ने गुणा. नऊ एकांचा वर्ग गुणिले नवाचा वर्ग. म्हणजेच नऊ नवांचा वर्ग, ९९९९९९९९९ चा वर्ग. तो येतो ९९९९९९९९८००००००००१. त्याचे दोन समान तुकडे करा. नऊ-नऊ आकड्यांचे, म्हणजे ९९९९९९९९८ आणि ००००००००१. बेरीज ९९९९९९९९९. कापरेकर संख्या! डेम्लो, हर्षद आणि कापरेकर या एकाच मास्तरांच्या डोक्यातून निघालेल्या तीन कल्पना. त्या एका सतरा आकडी संख्येच्या अंगणात एकत्र भेटतात.

यंत्रांचा जमाना आहे, तेव्हा यंत्राचेही ऐका. दुकानातल्या आठ आकडी कॅल्क्युलेटरवर नऊ एक मावतच नाहीत. संगणकावर एक्सेलच्या तक्त्यात हा वर्ग केला, तर उत्तराच्या शेवटी ३२१ ऐवजी ३०० दिसतात. कारण तो तक्ता पंधराच आकडे नेमके धरतो आणि पुढे शून्ये भरतो. संगणकाला ही संख्या नेमकी ठेवता येत नाही असे नाही, त्यासाठी वेगळी सोय करून घ्यावी लागते. पण एरवी हजारो हिशेब चुटकीसरशी करणारे यंत्र जिथे शेवटचे दोन आकडे गाळते, तिथे चौथीतला मुलगा पेन्सिलीने बरोबर उत्तर लिहू शकतो. हातच्याचा नियम त्याला कळला असला म्हणजे झाले.

संख्यांचा विषय निघाला की कुणीतरी विचारतेच, यात शुभ आकडा कोणता? माझ्या घरी ७८६ आकड्याची नोट कधी खर्चायला निघत नसे. अरबी वर्णमालेत अठ्ठावीस अक्षरांना एकपासून हजारपर्यंत किमती दिलेल्या आहेत, तिला 'अबजद' म्हणतात. बिस्मिल्लाहच्या अक्षरांच्या किमतींची बेरीज ७८६ होते. फारसी-उर्दू कवी याच पद्धतीने 'तारीख' काढत. एखाद्याच्या जन्माची, मृत्यूची किंवा इमारत पुरी झाल्याची ओळ अशी रचायची की अक्षरांची बेरीज त्या हिजरी सालाइतकी व्हावी. ही कला मला फार प्रिय आहे. पण तिथे अक्षरांच्या किमती माणसांनी ठरवलेल्या आहेत. उद्या त्या बदलल्या तर बेरीजही बदलेल. नऊ एकांच्या वर्गाचे तसे नाही. तो मोजणाऱ्याच्या श्रद्धेवर अवलंबून नाही. ठाकूरद्वारी करा, देवळालीत करा, बगदादेत करा, उत्तर तेच. आकड्याबद्दलचा जिव्हाळा आणि आकड्याचा गुणधर्म या दोन गोष्टी वेगळ्या ठेवता आल्या पाहिजेत. ज्योतिषाचा नाद असलेल्या वडिलांच्या घरात वाढलेल्या कापरेकरांनी आकड्यांवर वेडे प्रेम केले, पण जे लिहिले ते ज्याला-त्याला ताडून बघता येईल असे लिहिले.

त्या प्रेमाची तुलना ते स्वतः मद्याशी करत असत. पिणाऱ्याला त्या धुंदीतच राहावेसे वाटते, तसे आपले आकड्यांच्या बाबतीत होते, असे ते म्हणत. गझल लिहिणाऱ्याला याहून वेगळे समजावून सांगायला नको. पण प्रेमाची किंमत त्यांना मोजावी लागली. मोठ्या पदव्या नाहीत, विद्यापीठात जागा नाही, मांडलेले विषय 'गमतीचे' म्हणून अनेकांनी बाजूला सारलेले. निवृत्तीनंतर पेन्शनीत भागेना, म्हणून त्यांना शिकवण्या कराव्या लागल्या. त्यांचा ६१७४ हा आकडा आज सर्वांना ठाऊक आहे. चार अंकी संख्या घ्यायची, सगळे अंक सारखे नसलेली. तिचे अंक उतरत्या क्रमाने आणि चढत्या क्रमाने मांडून मोठ्यातून लहान वजा करायचे, पुन्हा तेच करायचे. जास्तीत जास्त सात वेळा केले की ६१७४ येते आणि मग ती हलत नाही. कापरेकरांचे जन्मसाल १९०५ घेऊन बघा, बरोबर सातव्या वजाबाकीला ६१७४ येते. हे त्यांनी १९४९ मध्ये मद्रासच्या गणित परिषदेत मांडले. जगाच्या कानावर ते गेले मार्च १९७५ मध्ये, मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकातल्या आपल्या सदरात कापरेकरांवर लिहिले तेव्हा. मास्तर तेव्हा सत्तर वर्षांचे होते. १९८६ मध्ये ते गेले.

'तुमची पदवी काय?' हा प्रश्न मला ओळखीचा आहे. मराठीत पस्तीस वर्षे कविता लिहूनही कविसंमेलनात कुणीतरी प्रेमाने पाठीवर हात ठेवून म्हणते, "तुम्ही मराठी फार छान बोलता हो!" त्यात वाईट हेतू नसतो. पण आईच्या कुशीत ऐकलेल्या भाषेबद्दल शाबासकी मिळाली की माणूस क्षणभर उंबऱ्यावर उभा राहतो. संख्या असे काही विचारत नाही. ती जात, धर्म, पदवी, पत्ता यातले काहीही न विचारता सगळ्यांना सारखे उत्तर देते. देवळालीच्या मास्तरांना तिने जे दाखवले, ते ठाकूरद्वारच्या जुळाऱ्यालाही दाखवले.

म्हणूनच एका गोष्टीची काळजी वाटते. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'त्र्याण्णव' ऐवजी 'नव्वद तीन' असे वाचनही सुचवले गेले, तेव्हा महाराष्ट्रात मोठा वाद झाला. मुलांना जोडाक्षरे जड जातात, म्हणून सोपे करावे, अशी मंगला नारळीकर यांच्यासारख्या गणितज्ञांची कळकळ होती. भाषेची मोडतोड होते, अशी दुसऱ्या बाजूची तक्रार होती. मला दोन्ही बाजू समजतात. मराठीत आपण 'पंचवीस' म्हणतो, आधी पाच मग वीस. अरबीतही तसेच, पाच आणि वीस. लिहिताना मात्र दोन आधी आणि पाच नंतर. मूल अडखळणारच. पण खरा धोका नावांचा नाही. मराठी शाळांचे वर्ग रिकामे होत चालले आहेत, आणि जे मूल सदुसष्ट म्हणजे किती असे विचारते, ते ना मराठीत मोजते ना इंग्रजीत. ते मोबाइलला विचारते. नाव कुठलेही शिकवा, पण पेन्सिल हातात देऊन एक गुणाकार स्वतः पुरा करू द्या. हातचा म्हणजे काय, हे बोटांना कळले पाहिजे.

तेव्हा आज रविवार आहे, घरातल्या मुलाला किंवा नातीला जवळ बसवा. अकराचा वर्ग करायला सांगा, मग एकशे अकराचा, मग अकराशे अकराचा. उत्तरे एकाखाली एक लिहायला सांगा. चौथ्या-पाचव्या ओळीला ते स्वतःच म्हणेल, पुढचे मला करायची गरज नाही, मला माहीत आहे. तेव्हा फक्त एवढेच विचारा, "दहा एक घेतले तर?" आणि त्याला कागदावर करू द्या.